वयाचं निमित्त

राजारामपुरीतल्या त्या गल्लीत बायका डॉक्टरकडं जायच्या आधी त्रिशला मगदूमकडं जायच्या. सव्वीस वर्षं ती नवऱ्याच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी होती. फार्मसी शिकलेली, बोलायला मऊ, आणि दुसऱ्या बाईचं दुखणं तिसरीला न सांगणारी. "मगदूमवैनींना विचारून बघ," हे वाक्य गल्लीत एखाद्या घरगुती औषधासारखं चालायचं.

आषाढ लागला त्या आठवड्यात संयोगिता पोवार एक डबी घेऊन दुकानात आली. संयोगिता म्हणजे सकाळी बागेत चालायला जाणाऱ्या बायकांची म्होरकी. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. डबी गुलाबी होती, वर 'तन्वंगी' असं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाळी थांबण्याच्या वयात वाढणाऱ्या वजनासाठी.

"वैनी, तुम्ही औषधातल्या माणूस. बघा जरा. ह्यात काय वाईट न्हाय न्हवं?"

काउंटरवर तेव्हा चारजण खोळंबले होते. एका कानाला फोन होता, त्यावर इन्सुलिनचा माल का आला नाही याची चौकशी चाललेली. त्रिशलानं डबी फिरवून पाहिली. त्रिफळा, गुग्गुळ, मेथी, शतावरी, कोकमाचा अर्क. खाली परवान्याचा नंबरही छापलेला. तो खरा की खोटा, हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

"आयुर्वेदिकच आहे सगळं," ती म्हणाली, "अपाय काही नाही."

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

पुढच्या आठवड्यात बागेतली एक बाई दुकानात येऊन सहज म्हणाली, "तुम्ही तपासून दिल्यात म्हणून घेतल्या हो. न्हाईतर मी असल्या गोळ्यांच्या वाटंला जात न्हाई." त्रिशलाला ते थोडं खटकलं. तपासून? पण गिऱ्हाईक होतं, पाऊस होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आदल्याच दिवशी तिनंही संयोगिताकडून एक डबी मागून घेतली होती.

तिला पन्नास पूर्ण झाली होती. गेल्या दिवाळीपासून पाळी बंद. दोन वर्षांत अकरा किलो वजन वाढलं होतं आणि ते नेमकं कमरेला आणि दंडाला जाऊन बसलं होतं. जेवण होतं तेवढंच, जैन घर म्हणून दिवस मावळल्यावर तर कुणीच काही खात नव्हतं, तरीही. मुलगा सम्मेद पुण्याहून व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा ती फोन जरा उंच धरायची, म्हणजे हनुवटी दिसत नाही.

गोळ्यांनी काम केलं. महिन्यात चार किलो उतरले. जुनी पोलकी अंगात जायला लागली. बागेतल्या बायका एकमेकींना मागून-पुढून बघायच्या आणि हसायच्या.

मग बाकीचं सुरू झालं. छाती धडधडायची. पहाटेच डोळे उघडायचे आणि उगाचच वाटायचं, काहीतरी राहिलंय, काहीतरी वाईट होणार आहे. घामानं पाठ भिजायची. एकदा गोळ्यांची पट्टी कापताना कात्री हातात थरथरली, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यानं "सावकाश, बाई," म्हटलं. त्रिशलानं कात्री खाली ठेवली, हात ॲप्रनच्या खिशात घातला आणि मनाशी म्हणाली, वय आहे. या वयात असंच होतं.

सगळ्याच तसं म्हणत होत्या. कुणाला झोप नव्हती, कुणाचा जीव घाबरा व्हायचा, कुणी क्षुल्लक कारणावरून सुनेवर ओरडायची आणि मग रडत बसायची. "पाळी जाताना जीव घेऊन जाती बघा," संयोगिता म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. पाळी जायचं वय आणि धडधड, घाम, जाग, चिडचिड. दोन्हींचा मेळ इतका बरोबर बसत होता, की दुसरं काही शोधायची कुणाला गरजच पडली नाही.

भाद्रपदात पर्युषण आलं. त्रिशलानं दरवर्षीप्रमाणे दहा दिवस एकाशन धरलं. दिवसातून एकदाच जेवण, आणि औषध-गोळी काही नाही. गुलाबी डबी कपाटात राहिली. सहाव्या दिवशी ती सकाळी उठली तेव्हा उजाडलेलं होतं. मधे जागच आली नव्हती. आठव्या दिवशी तिनं देवळात दिवा लावला तेव्हा काडी हातात हलली नाही. व्रताचं फळ, असं तिला वाटलं, आणि मन भरून आलं.

अनंत चतुर्दशी झाली. क्षमावणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी पुन्हा सुरू केली. पाचव्या दिवशी दुपारी काउंटरवर उभी असताना छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड झाली.

तिनं काउंटरच्या कडेला धरलं. समोर कुणी नव्हतं. जिनपाल, तिचा नवरा, आत माल लावत होता. तिनं मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून मोजलं. एकशे सोळा.

मग एक साधा विचार तिच्या मनात आला. इतका साधा, की तो आधी का आला नाही याचंच तिला भय वाटलं. पाळी जाण्याचं वय दहा दिवसांची रजा घेत नाही.

*

दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर पूर्णिमा शहापुरे यांचा दवाखाना होता. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"थायरॉइडची गोळी घेताय?"

"नाही, मॅडम."

"घरात कुणाला चालू आहे? चुकून पट्टी बदलली, असं?"

"नाही. सव्वीस वर्षं गोळ्याच ओळखतेय मी."

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी लिहून दिली. तिचा निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. "हे बघा," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी झोपलीय. ती काही करत नाहीय. तरी रक्तात तिचं हार्मोन भरमसाट आहे. म्हणजे ते बाहेरून येतंय. तुम्ही घेत नसाल, तर कुणीतरी देतंय."

त्रिशलानं पर्समधून गुलाबी डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती फिरवून वाचली.

"यावर तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहितील कशाला?"

 खाली रिक्षाचे हॉर्न वाजत होते. डॉक्टर म्हणाल्या, "हार्मोन मिसळलं की वजन उतरतंच. हाडं झिजतात, ठोके बिघडतात, ते नंतर कळतं. मला शंका आहे, खात्री सरकारी प्रयोगशाळाच देईल, आणि त्याला वेळ लागेल. पण थांबायला नको. किती जणींना दिल्यात?"

"मी नाही दिल्या," त्रिशलाच्या तोंडून पटकन निघालं. आणि ते बोलून झाल्या-झाल्या तिचे कान तापले.

डॉक्टरांनी डबी तिच्यासमोर सरकवली. "ज्यांनी दिल्या त्यांना गाठा. ज्यांना बीपी आहे, हृदयाचं काही आहे, त्यांच्या आज बंद व्हायला पाहिजेत. उद्या नको."

ती जिना उतरली. तिला आठवत होतं ते एकच. 'तपासून दिल्यात म्हणून घेतल्या हो.'

जिनपालला तिनं दुकानातच सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता स्टुलावर बसला. शांत माणूस. आयुष्यात कुणाशी भांडला नव्हता, आणि म्हणूनच कागदाला भिणारा.

"तू विकल्या नाहीस," तो म्हणाला. "आपल्या दुकानात एक डबी नाही, पावती नाही. तोंडी सांग बायकांना. लेखी कुठं देऊ नको. उद्या कुणी म्हटलं की मगदूमांनीच सांगितलेलं, तर परवाना जाईल आपला."

"सांगितलं होतं की मी."

"म्हणून तर म्हणतोय."

"अहो, डबी दुकानात नव्हती," त्रिशला म्हणाली, "पण तोंड माझं दुकानातलंच होतं."

 जिनपाल उठून आत गेला आणि बराच वेळ खोकी सरकवत राहिला.

*

संयोगितानं दार उघडलं तेव्हा ती घामानं डबडबली होती. पंखा पूर्ण जोरात फिरत होता. तिनं ऐकून घेतलं, पण अर्ध्यातच मान हलवायला लागली.

"असं कसं हुईल वैनी? शंभर टक्के वनस्पती हाय. माझी ट्रेनिंग झालीया ऑनलाइन. आणि मी सवता खातो की. मला काय झालंय?"

"मला नावं दे. कुणाकुणाला दिल्यास ती."

"नावं कशाला? ज्यांना सोसत न्हाईत त्यांनी सोडल्या असतील. बाया माझ्या दारात येऊन बसतील. चार वर्सं झाली आमचं मालक जाऊन. ह्या बागंतल्या बायांच्यामुळं मी माणसात आलो. त्यांच्या म्होरं आता काय तोंड दाखवू?"

तिचा आवाज चढला होता, पण डोळे घाबरलेले होते. त्रिशलाला तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही स्वतःचेच असल्यासारखे वाटले. ती उठून तिच्याजवळ सोफ्यावर बसली.

"हात दे."

"काय?"

"हात दे इकडं."

तिनं संयोगिताच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडं पाहिलं. एक पूर्ण मिनिट मोजलं. संयोगिता आधी छताकडं बघत होती, मग त्रिशलाच्या ओठांकडं बघू लागली, आकडा वाचता येतो का म्हणून.

"एकशे चोवीस," त्रिशला म्हणाली. "बसल्या जागी. जिना चढून आली नाहीस तू."

"वय झालं न्हवं आता," संयोगिता पुटपुटली, पण ते वाक्य तिच्या तोंडातच मोडलं. थोड्या वेळानं ती आत गेली आणि शाळेच्या वहीसारखी एक वही घेऊन आली. त्यात सतरा नावं होती.

ती सतरा नावं दोघींनी वाटून घेतली नाहीत. संयोगिता म्हणाली, एकटी जायला लागलो तर मी कोपऱ्यावरनंच परत येईन. म्हणून त्रिशलाच्या स्कूटरवर दोघी निघाल्या. दार उघडलं की त्रिशला सांगायची, "त्या गोळ्या मी बऱ्या आहेत म्हणून सांगितलं होतं. मी नीट बघितलं नव्हतं. आजपासून बंद करा." प्रत्येक दारात ते वाक्य नव्यानं जड जायचं. मग ती मनगट मागायची.

शाळेत शिकवणाऱ्या भाग्यश्री बिरनाळेचे ठोके अठ्ठ्याहत्तर निघाले, आणि त्रिशलानं ते पुन्हा मोजले. आपण चुकलो की काय? साप म्हणून भुई तर धोपटत नाही ना? पण भाग्यश्रीनं खालमानेनं सांगितलं, की तिनं डबी फोडलीच नव्हती, संयोगिताला वाईट वाटू नये म्हणून घेऊन ठेवलेली. तिसऱ्या घरात एकशे दहा. चौथ्यात अठ्ठ्याऐंशी. पाचव्या घरातली बाई भडकली. "नऊ किलो उतरलंय माझं. आता माझा संसार जरा मार्गी लागतोय तर तुम्ही आलाय सांगायला." तिनं दार लावून घेतलं. त्रिशला बंद दारासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "निदान डॉक्टरांना दाखवा हो." आतून टीव्हीचा आवाज वाढला.

सगळ्यात वाईट गोष्ट अकराव्या घरात झाली. बँकेत काम करणारी क्रांती निंबाळकर. दोन महिने तिची धडधड चालू होती. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, काही सापडलं नाही, म्हणून मन शांत राहायची आणि झोपेची अशा दोन गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या ती मगदूमांच्याच दुकानातून नेत होती. त्रिशलानंच तिला दर वेळी मोजून दिल्या होत्या, वर एकदा म्हटलंही होतं, "काळजी करू नका, या वयात होतं."

क्रांती रागावली नाही. नुसती म्हणाली, "म्हणजे मी येडी झालेली न्हवतो." आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी दहापर्यंत सोळा नावं झाली. सतरावं राहिलं, ते संयोगिताच्या थोरल्या बहिणीचं. आक्का. राधानगरीच्या अलीकडं रस्त्यापासून आत एक वाडी होती, तिथं तिचा दुधाचा धंदा होता. सात म्हशी, वय छप्पन. संयोगितानं तिला दोन महिन्यांपूर्वी चार डब्या एकदम दिल्या होत्या.

"बीपीची गोळी चालू आहे का तिला?" त्रिशलानं विचारलं.

संयोगितानं वही मिटली. मग म्हणाली, "व्हती. तिनं सोडली. मीच म्हटलं, ह्या एका गोळीत सगळं भागतंय."

दुकानासमोर उभं राहूनच संयोगितानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आक्काचे यजमान गणपतराव यांचा फोन कव्हरेजच्या बाहेर होता. संयोगिता नुसती बटण दाबत राहिली. तिचे हात थरथरत होते, आणि ते गोळ्यांनी की भीतीनं, हे आता कळायला मार्ग नव्हता.

त्रिशला स्कूटरकडं वळली तेव्हा दुकानाचं शटर खाली येताना दिसलं. दुपारच्या जेवणाला नव्हे, सकाळी साडेदहालाच. जिनपाल कुलूप लावत होता. "स्कूटरवरनं पन्नास किलोमीटर जाणार काय?" तो म्हणाला. "गाडी काढतो. बसा."

 भोगावती नदीच्या कडेनं उसाचे फड होते, मधेच भाताची हिरवी खाचरं. संयोगिता दर पाच मिनिटांनी फोन लावायची आणि मांडीवर उपडा ठेवायची. ट्रॅक्टर आडवा आला की जिनपाल स्टेअरिंगवर बोटं वाजवायचा. त्रिशला मनात हिशेब करत होती. चार डब्या. दिवसाला एक गोळी म्हटली तर चार महिने पुरल्या असत्या.

वाडीत पोचले तेव्हा साडेबारा होत आले होते. गणपतराव अंगणात वैरण तोडत होते. मेहुणी आणि तिच्याबरोबरचे पावणे बघून ते उठले. "आत हाय की. सकाळपास्नं बसूनच हाय. धार बी मीच काढली. दमती आता. वय झालं न्हवं."

आक्का गोठ्याच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसली होती. तीन महिन्यांपूर्वी संयोगितानं दाखवलेल्या फोटोतली भरदार बाई ती वाटतच नव्हती. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले. बहिणीला बघून ती हसली. "बारीक झालो न्हवं? ही म्हणाली एक खा. मी दोन खातो. कवा कवा तीन बी."

त्रिशलानं तिचा हात हातात घेतला. मोजायला सुरुवात केली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. मोजता येत नव्हतं. दोन ठोके धावत यायचे, मग एक गाळायचा, मग चार एकदम. लय नव्हती. आधीच्या मनगटांत तिला नुसता वेग सापडला होता, असं हे कुठंच सापडलं नव्हतं.

"आत्ता निघायचं," ती उठून म्हणाली. "हिला गाडीत घ्या. डब्या पण घ्या, उरल्यात तेवढ्या."

"जेवून तरी जावा," गणपतराव म्हणाले.

"जिनपाल, हात धरा त्या बाजूनं," त्रिशला म्हणाली, आणि नवऱ्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर घेतलंय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

गाडीत आक्का दोघींच्या मधे बसली होती; गणपतराव म्हशींची सोय लावून मागनं येणार होते. भातशेतं मागं पडली, मोठा रस्ता लागला. ती सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. सून दुधाला पाणी लावते, असलं काहीतरी. बोलता बोलता तिचे शब्द एकमेकांत मिसळले. संयोगिताला वाटलं झोप आली. त्रिशलानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. उजवीकडचा ओठ खाली ओघळला होता.

"आक्का, हात वर करा. दोन्ही."

डावा वर आला. उजवा मांडीवरच राहिला, आणि आक्का त्या हाताकडं असं बघू लागली, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"किती वाजले?" त्रिशलानं विचारलं.

"एक वाजून दहा," जिनपाल म्हणाला.

"एक दहा. लक्षात ठेवा. एक दहापर्यंत नीट बोलत होती." तिला तीस वर्षांपूर्वीचं पुस्तकातलं आठवत नव्हतं, पण दुकानात लकव्याच्या माणसांची औषधं न्यायला येणारे लोक आठवत होते. 'वेळेत आणलं असतं तर' असं म्हणणारे. संयोगिता बहिणीचा हात चोळत रडत होती, आवाज न करता. जिनपालनं हेडलाइट लावले आणि हॉर्नवर हात ठेवला तो कोल्हापूर येईपर्यंत काढला नाही.

दोन वाजायच्या आत ते दवाखान्यात होते. तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच विचारला, कधीपासून. तिघांनीही एकदम सांगितलं, एक दहा. त्रिशलानं डबी पुढं केली आणि रिपोर्टचा कागद दाखवला. नंतर बाकावर बसून राहणं तेवढं उरलं. दिवस मावळायला आला तरी तिला तहानेची आठवण झाली नाही. संयोगिता शेजारी बसली होती. एकदाच म्हणाली, "वैनी, तुम्ही व्हय म्हणाला नसता तर मी दिल्या नसत्या." मग लगेच म्हणाली, "दिल्या असत्या. मला आवडत व्हतं ते. सगळ्या मला इचारायच्या." त्रिशलानं दोन्ही वाक्यं ऐकून घेतली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, ती विरघळवायचं औषध वेळेत देता आलं. जीव वाचला होता. हात किती परत येईल, ते सांगता येत नव्हतं.

*

तक्रारीचा अर्ज त्रिशलानं दुसऱ्या दिवशी लिहिला. जिनपालनं तो दोनदा वाचला. 'सदर गोळ्या अपायकारक नाहीत, असे मी कोणतीही चौकशी न करता सांगितले होते,' या ओळीपाशी त्याचं बोट थांबलं.

"हे लिहायलाच पाहिजे?"

"हे काढलं तर मग मी कोण तक्रार करणारी?"

त्यानं पेन घेतलं. तिला वाटलं, ओळ खोडतोय. त्यानं खाली साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिलं, सही केली आणि तारीख टाकली.

पुढचे दोन महिने दुकानात कुणीही सुटाबुटातलं शिरलं, की त्रिशलाची नजर आधी भिंतीवरच्या परवान्याकडं जायची. औषध निरीक्षक येऊन गेले, उरलेल्या डब्या सील करून नेल्या, तिचा जबाब घेतला. परवान्याबद्दल ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. गल्लीत बोलणं सुरू झालंच. काही बायका समोरच्या दुकानात जायला लागल्या. दार लावून घेणारी बाई एकदा फोन करून विचारत होती, कुठं उरल्यात का, एक तरी डबी.

दिवाळीनंतर अहवाल आला. गोळ्यांत थायरॉइडचं हार्मोन होतं, डबीवर न लिहिलेलं. सगळ्या गोळ्यांत सारखंही नव्हतं. काहींत नावाला, काहींत तिप्पट, जसं पीठ मळताना मीठ एकाच कोपऱ्यात पडावं तसं. परवान्याचा नंबर दुसऱ्याच कुठल्या तेलाचा होता. छापलेल्या पत्त्यावर परराज्यात एक बंद गोदाम सापडलं. दुकानाला ताकीद मिळाली, परवाना राहिला. त्रिशलाचं रक्त हळूहळू ठिकाणावर आलं. वजनही आलं, उतरलेल्या सहातलं पाच किलो. घाम अजून यायचा, कधी कधी जीवही घाबरा व्हायचा. डॉक्टर पूर्णिमा म्हणाल्या, हे मात्र खरंच वयाचं. तरी प्रत्येक वेळी ती आधी मनगट धरून मोजायची, मगच विश्वास ठेवायची.

मार्गशीर्षात आक्का तपासणीला कोल्हापूरला आली. दवाखाना झाल्यावर संयोगितानं तिला दुपारपुरतं त्रिशलाच्या घरी आणलं आणि स्वतः औषधं आणायला गेली. आक्काचं बोलणं बरंचसं सुधारलं होतं. चालायचीही. उजव्या हाताची बोटं मात्र अर्धीच मिटत होती. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्माची होती. जेवून ती गॅलरीत उन्हाला बसली.

त्रिशलानं ठरवून ठेवलेलं वाक्य काढलं. "आक्का, गोळ्या चांगल्या आहेत असं मी सांगितलं होतं. संयोगिताला मी—"

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली. "चारदा सांगून झालंय तिचं." मग ती रस्त्याकडं बघत राहिली. "तुमच्या सांगण्यावरनं खाल्ल्या न्हाईत मी. तुमचं नाव बी मला म्हाईत नव्हतं. धाकट्या पोराच्या लग्नाची बोलणी करायला पावणं आलंतं. च्या देऊन मी माघारी वळलो, आणि आमचं मालक पावण्यास्नी म्हणालं, 'गोठ्यात सात म्हसरं हाईत, आठवं घरात.' समदी हसली. मी बी हसलो. आत जाऊन मग त्या दोन गोळ्या एकदम खाल्ल्या."

त्रिशलानं तिच्या अर्ध्याच मिटलेल्या बोटांकडं पाहिलं.

"त्यास्नी आता आठवत सुदा न्हाई," आक्का म्हणाली. "मी इचारलं तर म्हणतात, मी कवा म्हटलं? आता रोज माझी येणी घालायला बघतात. घालता येतीया व्हय? समदी सुटती."

तिची वेणी खरंच सुटली होती. पांढऱ्या-काळ्या बटा मानेवर आल्या होत्या. त्रिशला आतून कंगवा घेऊन आली आणि तिच्या मागं स्टुलावर बसली. केस दाट होते, गुंता खूप होता. तिनं टोकापासून सोडवायला घेतला.

"दुखलं तर सांगा."

"सांगतो की," आक्का म्हणाली. गुंता सुटल्यावर त्रिशलानं वेणी घालायला घेतली. "घट्ट घाला. सैल मला चालत न्हाई."

त्रिशलानं घातलेले दोन पेड उलगडले, केसांचे पुन्हा तीन सारखे भाग केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.